वेबसाइट ताजी ठेवायची तर आधी फोनवर काय बोलणं होतं ते ऐका

"आठवड्याला दोन लेख टाका, गूगल खूश होतं" हा सल्ला अजूनही लोक छातीठोकपणे देतात आणि मग बिचारा धंदेवाला सोमवार-गुरुवार काहीतरी खरडून टाकत बसतो. असा कुठलाही आकडा नाहीये. उलट साइट ताजी दिसावी म्हणून ढीगभर नवीन टाकलं किंवा जुनं उडवलं तर त्याने काही फायदा होत नाही, हे गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात सरळ लिहिलंय. अमुक इतके शब्द पाहिजेत, हीपण अफवाच. तेव्हा वेळापत्रक बाजूला ठेवा.

सर्च कन्सोल (लोक गूगलवर काय शोधून तुमच्या साइटवर येतात ते दाखवणारं गूगलचं साधन) जोडलेलं आहे, साइटमध्ये लॉगिन करून पान बदलता येतं, एवढं धरून चालते. नसेल तर ते आधी करून या.

सुरुवात साफसफाईने करा. संपलेल्या ऑफर, सोडून गेलेल्या माणसांचे फोटो, बंद पडलेला नंबर, चुकीची वेळ, हे सगळं काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता खरं अवघड. लिहायचं काय? इथेच सगळे अडकतात, मीही अडकले होते आणि चांगली वर्षभर अडकले होते. पंप विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका धंद्याची साइट माझ्याकडे होती. मी काय करायचे, त्याच धंद्यातल्या चार साइट उघडायच्या, चौघांचे मुद्दे एकत्र करायचे, शब्द फिरवायचे आणि "ओरिजिनल" म्हणून टाकायचं. कॉपी तपासणारं टूल हिरवं दाखवायचं आणि मला वाटायचं जमलं की. तीसेक पानं झाली, त्यातल्या एकावरूनही फोन आला नाही. वर एक दिवस तिथल्या मेकॅनिकने एक पान वाचलं आणि त्याला हसू आवरेना, कारण मी लिहिलं होतं की जमिनीवर ठेवलेला साधा पंप 15 मीटर खालून पाणी ओढतो. अहो, हवेचा दाब पाणी वर ढकलतो म्हणून ते चढतं, आणि तो दाब जास्तीत जास्त 10 मीटरच्या आसपास चढवू शकतो, प्रत्यक्षात 7-8 मीटरलाच गाडी अडते. एकाने चूक केली, दुसऱ्याने उचलली, तिसऱ्याने सजवली आणि माझ्या साइटवर ती आली नवीकोरी होऊन!

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. स्पर्धकाची साइट बघून लिहिलेलं कधीच ओरिजिनल नसतं, शब्द कितीही बदला. धंद्यात जे रोज बोललं जातं पण कुठेच लिहिलेलं नसतं, ते ओरिजिनल. आणि ते मालकाला विचारून मिळत नाही, फोन उचलणाऱ्या आणि हात काळे करणाऱ्या माणसाला विचारून मिळतं.

आता विचारायचं कसं, यातही एक मेख आहे. "आपल्या सेवेबद्दल सांगा ना" असं म्हणालात की संपलं, माणूस ताठ बसतो आणि माहितीपत्रकासारखं बोलायला लागतो, "आम्ही दर्जेदार सेवा पुरवतो" वगैरे. त्याऐवजी विचारा, "काल शेवटचा फोन कोणता आला? समोरचा नेमकं काय म्हणाला?" आणि गप्प बसा. खरंच गप्प बसा, मध्ये मध्ये आपलं ज्ञान पाजळू नका, मला ही सवय मोडायला फार वेळ लागला. रेकॉर्डर चालू आहे हे त्याला आधी सांगा, वीस मिनिटांच्या वर ताणू नका, आणि एका बैठकीत ग्राहकाचा एकच प्रश्न घ्या.

पंपवाल्या मेकॅनिकने पहिल्याच बैठकीत सांगितलं, लोक फोन करून म्हणतात "मोटर चालू आहे पण पाणी येत नाही". आमच्या साइटवर याच विषयाचं पान होतं बरं का, त्याचं नाव होतं "केंद्रापसारी पंपांमधील प्रायमिंगविषयक समस्या". प्रायमिंग म्हणजे चालू करण्याआधी पंपात पाणी भरणं, पण असं कोण शोधणार? मी विचारलं, मग तुम्ही फोनवर काय सांगता? तो म्हणाला, "आधी मोटर बंद करायला सांगतो. मग फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, बघा म्हणतो, त्यात कचरा अडकला की पाइपातलं पाणी खाली उतरतं आणि मोटर नुसती हवा ओढत बसते. व्हॉल्व्ह साफ करा, पाइप पाण्याने भरा, मग चालू करा." मी विचारलं, तरी नाही आलं तर? "मग पाइपाचे जोड बघायचे, कुठूनतरी हवा खातोय. आणि तेही ठीक असेल तर पाणीच खाली गेलंय, मग पंप बदलायची गोष्ट आली."

झालं ना पान! शीर्षक ग्राहकाचं वाक्य, पहिल्या ओळीत उत्तर, खाली मेकॅनिकचा क्रम तो बोलला त्याच क्रमाने, आणि कचऱ्याने भरलेल्या व्हॉल्व्हचा त्यानेच मोबाइलवर काढलेला फोटो, थोडा हललेला असला तरी चालेल. विकत घेतलेला हसऱ्या माणसाचा हेल्मेटवाला फोटो मात्र कृपा करून नको. ग्राहकाचं नाव-पत्ता रेकॉर्डिंगमध्ये आला असेल तर तो गाळा. लिहून झाल्यावर मेकॅनिकला वाचून दाखवा, मालकाला नंतर, कारण मालक हमखास "ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय" घुसवायला बघतो. तिथे भांडा. मी भांडते.

एआयचं विचाराल तर रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला, पसारा लावायला खुशाल वापरा. पण काल दुपारी कोणाचा फोन आला हे त्याला माहीत नसतं, त्यामुळे कोऱ्या पाटीवरून लिहायला सांगितलंत तर ते माझ्या जुन्या चार साइटवाल्या धंद्यासारखंच होणार, फक्त जास्त झपाट्याने. आणि गूगलच्या यादीत वर येण्यासाठी घाऊक पानं पाडणं मार्च 2024 पासून गूगलच्या धोरणात स्पष्टपणे स्पॅम धरलं जातं, मग ती मशीनने पाडलेली असोत नाहीतर माणसाने.

नवीन पान हे अर्धंच काम झालं, उरलेलं अर्धं जुन्या पानांवर. सर्च कन्सोलमध्ये 16 महिन्यांपर्यंतचा डेटा मिळतो, त्यात पान निवडा आणि लोक काय टाइप करून तिथे पोचतात ते बघा. गूगलच्या निकालांत पान खूप दिसतंय पण क्लिक नाहीत, तर शीर्षक आधी बदलून बघा. लोक विचारतायत एक आणि पान सांगतंय भलतंच, तर ते उत्तर त्याच पानात घाला, नवीन पान काढू नका. एकाच प्रश्नाची दोन पानं झाली असतील तर जोडून एक करा आणि जुन्या पत्त्यावरून 301 रीडायरेक्ट लावा, म्हणजे तिथे येणारा आपोआप नव्या पत्त्यावर जातो. पानाचा पत्ता उगाच बदलू नका. मी एकदा नवीन डिझाइनच्या उत्साहात सगळे पत्ते "सुंदर" केले आणि रीडायरेक्ट विसरले, सगळ्यात चालणारं पान तीन आठवडे 404, म्हणजे "पान सापडलं नाही", दाखवत होतं आणि मी आपली रंग जुळवत बसले होते.

तारीख फक्त मजकूर खरंच बदलला तरच बदला. साइटमॅपमधल्या (साइटच्या पानांची गूगलला दिलेली यादी) लास्टमॉडलाही, म्हणजे पान शेवटचं बदलल्याच्या तारखेलाही, हाच नियम, ती खरी असेल तरच गूगल तिच्यावर विसंबतं. त्यातले चेंजफ्रेक (पान किती वेळा बदलतं) आणि प्रायॉरिटी (पान किती महत्त्वाचं) गूगल बघतच नाही, त्यावर वेळ घालवू नका. पान टाकल्यावर एकदा सर्च कन्सोलमधल्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून इंडेक्सिंगची, म्हणजे पान गूगलच्या नोंदीत घेण्याची, विनंती करा, दहा वेळा करून लवकर होत नाही.

किती वेळा टाकायचं? नवा प्रश्न आला की. त्यासाठी फोनजवळ एक वही ठेवा आणि फोन घेणाऱ्याला सांगा, ग्राहकाचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिही, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. एकच वाक्य तीनदा दिसलं की बैठक लावायची. पंपवाल्यांच्या वहीत या महिन्यात "पाणी भरपूर येतंय पण मोटर तापते, चालवू का" हे तिसऱ्यांदा आलंय. मेकॅनिक म्हणतो उत्तर लांबलचक आहे, शुक्रवारी बसू.