स्टोरेज पूल सांभाळायला शिकताना: इंदूरच्या नव्या मुलामुलींसाठी

रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणं), लन (स्टोरेजमधून सर्व्हरला दिलेला डिस्कचा तुकडा), व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) हे तुम्हाला येतं असं धरून लिहितेय. सुपर कॉरिडॉर किंवा क्रिस्टल आयटी पार्ककडे नोकरी शोधणारी आपली बहुतेक मुलं क्लाउडच्या मागे असतात, स्टोरेजकडे वळणारी थोडी. वळलात तर काम नक्की आवडेल. फक्त थिन प्रोव्हिजनिंग, म्हणजे खऱ्या जागेपेक्षा जास्त जागा कागदावर वाटणं, नीट समजल्याशिवाय प्रॉडक्शनच्या (खरं काम चालणाऱ्या) पूलला, म्हणजे डिस्कच्या एकत्रित साठ्याला, हात लावू नका.

समजा, पूलमध्ये खरी जागा 10 टीबी, आणि व्हीएमना मिळून वाटलेली 25 टीबी. सगळे एकदम भरणार नाहीत, या भरवशावर हे चालतं आणि बराच काळ सुरळीत चालतं. मग एखाद्या रात्री पूल भरतो आणि त्याच्यावरचे सगळेच व्हीएम एकदम अडकतात. व्हीएमच्या आत जाऊन पाहावं तर डिस्क अर्धी रिकामी! पहिल्या नोकरीत अशा रात्री काढल्यात. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

घाबरून सगळे जुनी लॉग पुसायला धावतात, आणि पूलचा आकडा हलत नाही. कारण गेस्टमधली, म्हणजे व्हीएमच्या आतली, फाइल सिस्टम ते ब्लॉक फक्त स्वतःच्या नोंदीत मोकळे करते. खालच्या पूलला ते कळतं ट्रिम किंवा अनमॅपमधून, म्हणजे 'हे ब्लॉक आता नकोत' या निरोपातून. लिनक्समध्ये एफएसट्रिम (हा निरोप पाठवणारी कमांड) चालायला हवं, व्हर्च्युअल डिस्कवर डिस्कार्ड (निरोप खाली जाऊ देणारी सेटिंग) सुरू हवं. मधली एक पायरी बंद असली तरी जागा परत येत नाही. व्हीएमवेअरमध्ये व्हीएमएफएस (त्यांची फाइल सिस्टम) 5 वर अनमॅप हाताने चालवावं लागतं, व्हीएमएफएस 6 मध्ये ते आपोआप होतं. आणि जुना स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची जपलेली स्थिती) ते ब्लॉक धरून बसला असेल तर ट्रिम करूनही उपयोग नाही.

डीफॉल्टवर विसंबू नका. एलव्हीएममध्ये (लिनक्समध्ये डिस्कची जागा वाटणारी सोय) थिन पूल आपोआप वाढवण्याची मर्यादा मुळात 100 टक्के असते, म्हणजे ती सोय बंदच. पूल भरला की लिहिणं 60 सेकंद ताटकळतं, मग एरर. सेफ (Ceph, अनेक सर्व्हरवर पसरलेलं स्टोरेज सॉफ्टवेअर) निदान 85 टक्क्यांवर इशारा देतं आणि 95 ला लिहिणं थांबवतं. पण तो इशारा ज्या मेलबॉक्समध्ये जातो तो कोणी उघडतं का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा.

मायक्रोसॉफ्टच्या एससीव्हीएमएमसारख्या, व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पूल होस्ट ग्रुपला (सर्व्हरच्या गटाला) देणं, त्याला 'गोल्ड'सारखं क्लासिफिकेशन लावणं पटकन जमतं. 'गोल्ड' हे मात्र माणसाने लावलेलं लेबल आहे. त्याने खालच्या डिस्क वेगवान होत नाहीत.

डंप (परीक्षेतले बाहेर आलेले प्रश्न) पाठ करून सर्टिफिकेट मिळवण्याच्या मी साफ विरोधात आहे. आणि 'डॅशबोर्डवर सगळं दिसतं' म्हणणाऱ्या सिनियरपेक्षा 'हा आकडा कुठून आला?' असं दर वेळी विचारून हैराण करणारे सर शोधा. त्यांचा राग येईल, येऊ द्या.

हे सगळं घरी शिकता येतं, धीर सोडू नका. लिनक्सवर लूप डिव्हाइस (डिस्कसारखी वापरलेली फाइल) घेऊन 1 जीबीचा थिन पूल बनवा, त्यावर 5 जीबीचा व्हॉल्यूम काढा. पूल सत्तर टक्क्यांपर्यंत भरा, फाइल पुसा, एलव्हीएस कमांडमध्ये डेटाचा टक्का पाहा. मग एफएसट्रिम चालवून पुन्हा पाहा. त्यानंतरच पूल पूर्ण भरून काय होतं ते बघा. शेजारच्या रकान्यात मेटाडेटाचा (कुठला ब्लॉक कुठे आहे या नोंदींचा) टक्का असतो. तो वेगळा भरतो, त्याच्यावरही नजर ठेवा.