मिक्लोश काल्लॉई यांची युद्धकाळातली कारकीर्द: टिपण कसे तयार करावे

काल्लॉई हे दुसऱ्या महायुद्धात हंगेरीचे पंतप्रधान होते. सुरुवात नावापासून करा. हंगेरीत आडनाव आधी येते, त्यामुळे तिथल्या सूचीत 'काल्लॉई मिक्लोश' असे शोधावे लागते. त्या भाषेत नुसत्या 'एस'चा उच्चार श होतो आणि 'एसझेड'चा स. म्हणून 'मिक्लोस' नव्हे, मिक्लोश. इंग्रजी वळणाने लिहिले की एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होतात.

आता कागदावर तीन रकाने आखा: तारीख, उघडपणे केलेले, आडून केलेले. तिसरा रकाना सोडला, तर काल्लॉई एक तर जर्मनीचे मांडलिक दिसतात, नाही तर छुपे वीर. दोन्ही चित्रे अर्धवटच. उघडपणे जर्मनीसोबत आणि आडून दोस्तांशी बोलणी, या त्यांच्या धोरणाला लोक 'काल्लॉई केत्तोश' म्हणत; 'केत्तोश' म्हणजे दुहेरी. हे मूळचे नॉज्काल्लोच्या एका जोडीनृत्याचे नाव. आडनावाशी जुळल्याने कोटी आयतीच झाली.

पहिले दोन टप्पे भराभर भरा. जन्म १८८७, न्यिरेज्हाझा. जुने जमीनदार घराणे. १९३२ ते १९३५ कृषिमंत्री. पेन थांबवायचे ते ९ मार्च १९४२ ला. रीजंट (राजाच्या जागी राष्ट्रप्रमुख) होर्तींनी त्या दिवशी बार्दोशींच्या जागी त्यांना पंतप्रधान केले. या तारखेच्या वर एक जाड रेघ ओढा. सोव्हिएत संघाशी युद्ध (जून १९४१) आणि नोवी सादचे हत्याकांड (हंगेरियन फौजांनी केलेल्या नागरिकांच्या हत्या, जानेवारी १९४२) रेघेच्या वर राहतात. ते काल्लॉईंच्या नावावर टाकणे ही नेहमीची चूक. हत्याकांडातल्या अधिकाऱ्यांवरचा खटला मात्र त्यांच्याच काळात उभा राहिला आणि मुख्य आरोपी जर्मनीला पळाले, हेही लिहा.

पुढचा वळणबिंदू जानेवारी १९४३. रशियातल्या डॉन नदीवर सुमारे दोन लाखांची दुसरी हंगेरियन सेना मोडली. ठार, जखमी आणि कैद मिळून लाखाहून जास्त माणसे गेली. दोस्तांकडच्या गुप्त हालचालींना जोर आला तो यानंतर. एप्रिलमध्ये साल्झबुर्गजवळच्या क्लेसहाइम राजवाड्यात हिटलरने होर्तींकडे काल्लॉईंना काढण्याची मागणी केली, होर्तींनी ती मानली नाही. ९ सप्टेंबर १९४३ ला इस्तंबूलजवळ मार्मारा समुद्रात एका बोटीवर ब्रिटिश राजदूताने हंगेरियन दूत लास्लो वेरेश यांना शरणागतीच्या प्राथमिक अटी दिल्या. अंमल व्हायचा तो दोस्त फौजा हंगेरीच्या सीमेवर आल्यावर. गणित इथेच फसले: पश्चिमेकडची फौज इटलीत अडकली आणि पूर्वेकडून लाल सेना येऊ लागली. शिवाय जर्मनांना या बोलण्यांचा सुगावा होताच.

ज्यूंविषयीचा भाग एका ओळीत उरकू नका. काल्लॉईंनी हद्दपारीची जर्मन मागणी फेटाळली. पण ज्यूंची शेतजमीन व जंगले काढून घेणारा १९४२ चा पंधरावा कायदा त्यांच्याच सरकारचा, आणि सक्तीची श्रमसेवाही चालूच होती. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहा. सुमारे ४,३७,००० ज्यूंची हद्दपारी १५ मे ते ९ जुलै १९४४ मधली, म्हणजे काल्लॉईंनंतर आलेल्या स्तोयॉय सरकारच्या काळातली.

शेवटच्या तारखांत गोंधळ होतो. १९ मार्च १९४४ ला जर्मन फौजा आत आल्या, नवे सरकार २२ ला बसले. म्हणून कारकीर्दीचा शेवट कुठे १९, कुठे २२ दिसतो. एक पाळा आणि कारण लिहा. काल्लॉईंनी बुडापेस्टच्या तुर्की वकिलातीत आसरा घेतला. नोव्हेंबरमध्ये तिथून बाहेर यावे लागले. मग माउटहाउझेन आणि डाखाउ या नाझी छळछावण्या, १९४५ मध्ये सुटका, परदेशवास आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्कला मृत्यू.

त्यांच्या आठवणी १९५४ साली इंग्रजीत आल्या. तिसरा रकाना भरताना त्यांचा मोठा उपयोग होतो, पण हा परागंदा पंतप्रधानाने मांडलेला बचाव आहे. जी हालचाल फक्त तिथेच सापडते, तिच्यापुढे 'काल्लॉई यांच्या म्हणण्यानुसार' असे लिहा. ब्रिटिश किंवा जर्मन दप्तरात दुजोरा मिळाला, तरच ते शब्द काढा.