वेरूळ-अजिंठ्याला गाडीने निघताय? या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी लागली की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "शनिवारी पहाटे निघतो. वेरूळ, अजिंठा, देवगिरी सगळं उरकून रविवारी रात्री पुण्यात." या 'उरकून'चाच मला राग येतो.

सगळ्यात महागात पडते ती वाराची चूक. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा लेणी सोमवारी बंद, एवढंच डोक्यात होतं. म्हणून सोमवार देवगिरीला आणि बीबी का मकबऱ्याला दिला आणि मंगळवारी सकाळी वेरूळच्या फाटकासमोर उभे राहिलो. फाटक बंद. सासूबाई गुडघ्याला पट्टा बांधून खास कैलास बघायला आल्या होत्या. "असू दे गं, घृष्णेश्वराला जाऊ," म्हणाल्या. दर्शन झालं, पण बुधवारी मुलांची शाळा होती, परतावंच लागलं. त्यांना कैलास दाखवायला पुढे चार वर्षं गेली. तेव्हापासून मी आधी कागदावर वार मांडते, हॉटेल नंतर.

दुसरी चूक म्हणजे एका दिवसात दोन्ही लेणी. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ सुमारे 30 किलोमीटर, अजिंठा सुमारे 100, आणि दोन्हींचे रस्ते वेगळे. अजिंठ्याला अख्खा दिवस द्या. वेरूळच्या वाटेवर देवगिरी आहे, ती जोडी जमते.

वेरूळला 1 नंबरपासून क्रमाने निघू नका. लेणी 34 आहेत; 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. क्रमाने जाणारे 16 नंबरच्या कैलासापर्यंत पोचतात तेव्हा पोरं रडकुंडीला आलेली असतात, आणि जैन लेणी तर राहूनच जातात. मी कैलासापासून सुरुवात करते. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हे देऊळ डोंगरात वरून खाली कोरत आणलं. म्हणून आधी बाजूच्या डोंगरावर चढून वरून बघायचं, मग खाली येऊन जोत्यातले हत्ती बघायचे. सगळं देऊळ पाठीवर पेलून उभे आहेत असं वाटतं. मग थेट जैन लेण्यांकडे. 10 नंबरचं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, शेवटी.

अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या फाट्यावरच ठेवावी लागते. पुढचे चार किलोमीटर बसने. पाणी, औषधं, टोपी गाडीत विसरलात की परत फेरी. चित्रांवर फ्लॅश मारू नका, मनाई आहे आणि रंगांचं नुकसान होतं.

आणि घाई नको. 1 नंबरच्या लेण्यात लोक आत येतात, "अंधारच आहे" म्हणतात आणि निघतात. उन्हातून आलेल्या डोळ्यांना काय दिसणार? मी मुलांना पाच मिनिटं गप्प उभं करते. हळूहळू आधी मुकुट दिसतो, मग खाली झुकलेले डोळे, मग हातातलं कमळ. भिंतीवरच्या चित्रातला बोधिसत्त्व पद्मपाणी असा दिसतो.

देवगिरी सकाळीच चढा, दुपारी कातळ तापतो. अंधारीसाठी, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेसाठी, प्रत्येकाकडे बॅटरी हवी, आणि लहान मुलाचा हात सोडू नका.