बाईकला बाहेरचा एअर फिल्टर, ऑइल फिल्टर लावताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये पाने घेऊन बसलो की कोणीतरी येतंच. दादा जरा बघता का, पिकअप पडलाय. काका, ऑइल कमी होतंय. आणि साइड पॅनल काढून एअर फिल्टर बाहेर घेतला की बऱ्याच वेळा उत्तर तिथेच सापडतं. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, इथे मेट्रो ४ चं काम, जेएनपीटीवरून गुजरातकडे जाणारे कंटेनर, खडीचे डंपर, उखडलेला सर्व्हिस रोड, सकाळी सीट पुसा, संध्याकाळपर्यंत बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ परत बसलेली असते. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिन अंदाजे नऊ हजार लिटर हवा ओढतं, आणि ती हवा हीच, कापूरबावडीची, माजिवड्याची, तुर्भ्याची. खडी-सिमेंटच्या धुळीत सिलिका असते आणि ती सिलिंडरच्या लोखंडापेक्षा कडक असते, त्यामुळे आत गेली की पॉलिश पेपरचंच काम करते.

बाहेरच्या कंपनीचा फिल्टर लावायला माझा विरोध नाही, मी स्वतः लावतो. पण लोक ज्या पद्धतीने निवडतात ते बघून खरंच त्रास होतो. फोटो बघायचा, "परफॉर्मन्स" लिहिलंय का बघायचं, रिव्ह्यूमध्ये चार स्टार बघायचे आणि ऑर्डर मारायची. फिल्टर नीट बसतो का, कडेने सील होतो का, हे कोणी बघतच नाही, आणि माझ्या मते फिल्टरमध्ये पहिल्यांदा बघायची गोष्ट तीच आहे. कागद भारी की कापड भारी हे नंतर.

हवा किती जाते ते बघितलं, कड बघितलीच नाही

माझ्या ताईचे मिस्टर कळव्याला राहतात, कामाला महापे एमआयडीसीत, रोजचा ठाणे-बेलापूर रोड. गाडी होंडा युनिकॉर्न, जुनी दीडशे सीसीची, कार्बोरेटरवाली (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग). अतिशय सांभाळलेली गाडी, ऑइल वेळेवर, चेन वेळेवर. त्यांना कोणीतरी सांगितलं की धुऊन परत वापरता येणारा कापडाचा फिल्टर लावा, एकदाच खर्च, आयुष्यभर टेन्शन नाही. त्यांनी ऑनलाइन मागवला, नावाजलेल्या कंपनीसारखा दिसणारा, लाल कापडाचा, पण ना धड कंपनीचं नाव ना पार्ट नंबर. स्वतःच बसवला, झाकण लागलं, स्क्रू लागले, म्हणजे बसला असं त्यांनी धरलं. मला फोन करून आनंदाने सांगितलं, अरे आवाजच बदलला गाडीचा, मस्त खेचते आता.

आठ महिन्यांनी फोन आला की सकाळी सुरू केल्यावर निळसर धूर दिसतो आणि दर पंधरा दिवसांनी ऑइल टाकावं लागतंय. मी गेलो, एअर बॉक्स, म्हणजे फिल्टर बसतो ती पेटी, उघडला आणि बघूनच कळलं. त्या फिल्टरची रबरी कड एका बाजूला जेमतेम दोन मिलिमीटर आखूड होती. त्या फटीच्या समोर, म्हणजे जिथे फक्त स्वच्छ हवा असायला पाहिजे त्या बाजूला, टाल्कम पावडरसारख्या बारीक धुळीचा पट्टा उठलेला होता, थेट कार्बोरेटरच्या तोंडापर्यंत. गॅरेजवाल्याने इंजिन खोललं तेव्हा सिलिंडरला उभ्या रेघा, पिस्टनच्या रिंगा गेलेल्या. ब्लॉक-पिस्टनचा नवा सेट टाकावा लागला, दोन आठवडे भावोजी ट्रेनने कामाला गेले. एवढं होऊनही त्यांचं म्हणणं, पण पिकअप वाढला होता रे. वाढला नव्हता. हवा ओढायचा आवाज मोठा झाला होता आणि कानाला तो पिकअप वाटतो, हे मी कित्येक जणांना सांगून थकलोय.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. नवा फिल्टर आणला की जुन्याच्या शेजारी ठेवून उंची, रुंदी, कडेची जाडी सगळं मिळवून बघतो, नुसतं डोळ्यांनी नाही, बोट फिरवून. कडेला ग्रीसचा अगदी पातळ हात देतो, म्हणजे सील पक्कं होतं आणि फट असलीच तर ग्रीसवर धुळीची रेघ उमटून ती दिसते. आणि आठवडाभर चालवून झाल्यावर परत उघडतो, पांढरा सुती रुमाल बोटाला गुंडाळून एअर बॉक्सच्या स्वच्छ बाजूला आतून फिरवतो. रुमाल पांढरा राहिला तर फिल्टर चांगला, करडा झाला तर तो फिल्टर कितीही महागाचा असो, काढून ठेवायचा. दहा मिनिटांचं काम आहे, पण लोकांना तेवढा धीर नसतो, त्यांना फक्त बसवून रस्त्यावर पळवायची असते.

सगळे फिल्टर सारखे समजून साफ करणं

होंडाच्या बऱ्याच गाड्यांत, युनिकॉर्न, शाइन, अ‍ॅक्टिवा वगैरे, कंपनीचा जो कागदी फिल्टर येतो तो चिकट तेल लावलेला असतो. त्या तेलालाच धूळ चिकटते. तो लवकर काळपट दिसतो, मग लोक पंक्चरवाल्याकडे नेऊन हवेचा प्रेशर मारतात, मी तर सर्फच्या पाण्यात भिजवून गॅलरीत वाळत घातलेला पण बघितलाय. तो साफ करायचा नसतोच, मुदत झाली की फक्त बदलायचा. तेल गेलं की त्याची धूळ धरायची ताकदच गेली. बाहेरच्या कंपनीचा घेताना पण हे विचारा, कारण त्याच गाडीला कोरड्या कागदाचे स्वस्त फिल्टर मिळतात. ते लावले तर लवकर लवकर बघावे लागतात हे दुकानदार सांगत नाही.

कोरडा कागद असेल तर आतून बाहेरच्या दिशेने, लांबून, कमी प्रेशरने हवा मारायची, आणि ते पण एकदा किंवा दोनदाच. बाहेरून मारली तर धूळ कागदात अजून आत रुतते, आणि जवळून जोरात मारली तर घड्या फाटतात, मग ते भोक डोळ्यांना दिसत पण नाही. मी कागद उजेडासमोर धरून आत छोटी टॉर्च लावून बघतो, टाचणीएवढा जरी प्रकाश थेट दिसला तर फेकून देतो.

फोमवाला असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, दोन हातांत नुसता दाबा, सावलीत पूर्ण वाळवा, मग तेल लावून जास्तीचं दाबून काढा. पेट्रोलमध्ये बुचकळू नका, सांध्याचा गोंद सुटतो आणि आग लागायची भीती वेगळीच. कोरडा फोम तसाच लावणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या फिल्टरमधून बारीक धूळ चाळणीतून पीठ जावं तशी आत जाते.

कापडाचा चांगल्या कंपनीचा असेल, केअँडएन म्हणा, बीएमसी म्हणा, तर त्यांचाच क्लीनर आणि त्यांचंच तेल, ते तेल थोडं थोडं लावून वीस मिनिटं थांबायचं आणि जिथे फिकट दिसेल तिथेच परत. भसाभस ओतलं की ते थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनला जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात, जाऊन चिकटतं. आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर रोज घोडबंदर, मुंब्रा बायपास किंवा शिळफाट्याने जाणाऱ्याने हा फिल्टर घेऊच नये. ज्याला रविवारची सवड आहे आणि वेळच्या वेळी साफ करायची आवड आहे त्याने घ्यावा. बाकीच्यांनी कागदी घ्या आणि मॅन्युअलमध्ये जेवढे किलोमीटर लिहिलेत त्याच्या निम्म्यात एकदा उघडून बघा. धुळीच्या भागात लवकर बघा असं मॅन्युअलच सांगतं, आणि आपण धुळीच्याच भागात राहतो.

एअर बॉक्स काढून शंकूसारखा पॉड फिल्टर लावणं: करू नका. एअर बॉक्सचा आकार इंजिनच्या हिशोबाने ठरवलेला असतो, शिवाय पावसात तो फिल्टर उघडा पडतो. कार्बोरेटरला जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) न बदलता लावला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं.

बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीला नुसता फिल्टर बदलून पॉवर वाढते, हा गैरसमज: रोजच्या चालवण्यात सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर हवा-पेट्रोलचं मिश्रण परत जागेवर आणतो, त्यामुळे फार काही होत नाही. पैसे टायरला ठेवा.

ऑइल फिल्टर: आधी आपल्या गाडीला आहे का ते बघा

स्प्लेंडरसाठी बाहेरचा ऑइल फिल्टर कुठला चांगला, असं मला विचारलं जातं. अहो, स्प्लेंडरला कागदी ऑइल फिल्टर नसतोच, तिथे जाळी असते आणि फिरणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर असतो, कचरा फिरून कडेला बसतो, तो ठरावीक किलोमीटरला उघडून साफ करायचा. अ‍ॅक्टिवाला पण जाळीच. तिथे बदलायला काही नाही, साफ करायला आहे, आणि ते मात्र कोणी करत नाही.

ज्यांना कागदी आहे त्यात दोन प्रकार. एक आत घालायचा, वर झाकण आणि ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी रिंग), पल्सर १५० सारखा. दुसरा डब्यासारखा बाहेरून आटे फिरवून लावायचा, इंटरसेप्टर ६५० सारखा. आतल्या प्रकारात काही गाड्यांच्या फिल्टरला एकाच बाजूला भोक असतं आणि तो उलटा घातला तर ऑइलचा रस्ताच बंद होतो, इंजिनला ऑइल पोहोचत नाही. काढताना जुना कसा बसला होता त्याचा मोबाइलवर फोटो काढा, फिल्टरवर बाहेरची बाजू छापलेली असेल तर ती वाचा, मगच घाला. ओ-रिंग नवी. जुनी चांगली दिसते म्हणून परत लावू नका.

आता डब्याचा प्रकार, कारण इथे माझ्या मित्राचा जीव जाता जाता वाचलाय. आम्ही सहा जण रविवारी पहाटे माळशेजला निघणार होतो. एकाने शनिवारी रात्री, कोलशेतला सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बल्बच्या उजेडात घाईघाईने ऑइल बदललं. नवा फिल्टर चांगल्या कंपनीचा, बरोबर नंबरचा, त्यात काही खोट नव्हती. पण जुना फिल्टर काढताना त्याचं रबर गॅस्केट, म्हणजे सील करणारी रिंग, इंजिनलाच चिकटून राहिलं होतं, त्याने बघितलं नाही आणि त्याच्यावरच नवा फिल्टर फिरवला. म्हणजे दोन गॅस्केट एकावर एक. हाताला तो घट्ट लागतो, सुरुवातीला गळत पण नाही. ऑइल गरम झालं, प्रेशर आला, की वरचं गॅस्केट सरकतं.

कल्याण सोडून मुरबाड रोडला लागलो आणि मी त्याच्या मागे होतो, माझ्या हेल्मेटच्या काचेवर थेंब आले, मला वाटलं दव असेल, काच पुसली तर ती तेलकट. हॉर्न मारेपर्यंत पुढच्या वळणावर त्याचं मागचं चाक सटकलं, कारण पुढून उडालेलं सगळं ऑइल मागच्या टायरवर. गाडी आडवी झाली, तो घसरत कडेच्या मातीत गेला. समोरून काही येत नव्हतं म्हणून आज तो आहे. जॅकेट फाटलं, मनगटाला प्लॅस्टर. रस्त्यावर मागे शंभरेक फूट काळी रेघ होती, आम्ही दोघं तिथे माती टाकत उभे राहिलो म्हणजे मागून येणारा कोणी पडू नये. तो पट्टा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यामुळे आता कोणी माझ्यासमोर फिल्टर बदलत असेल तर मी जुना फिल्टर हातात घेऊन त्याचं गॅस्केट त्याच्यावरच आहे ना ते आधी बघतो. नसेल तर ते इंजिनवर आहे. मग ती बसायची जागा स्वच्छ कपड्याने पुसायची, नव्या गॅस्केटला बोटाने नवं ऑइल लावायचं, हाताने फिरवत टेकेपर्यंत आणायचा आणि टेकल्यावर अजून पाऊण फेरा, किंवा डब्यावर जे लिहिलं असेल ते. पान्याने पिळायचा नाही. मग इंजिन एक मिनिट चालू, टॉर्च मारून खाली बघायचं, बंद करायचं, पाच मिनिटं थांबून लेव्हल बघायची, आणि कॉलनीत एक चक्कर मारून परत टॉर्च. लांबच्या राइडच्या आदल्या रात्री ऑइल बदलायचं नाही, निदान चार-पाच दिवस आधी. हा नियम मी कोणासाठी मोडत नाही.

आटे जुळले म्हणून कारचा फिल्टर लावणारे पण आहेत, स्वस्त पडतो म्हणून. आटे जुळणं वेगळं, आतला बायपास व्हॉल्व्ह किती प्रेशरला उघडतो ते वेगळं. तो चुकीच्या वेळी उघडला तर न गाळलेलं ऑइल सरळ बेअरिंगला जातं आणि बाहेरून काही कळत पण नाही.

दुकानात "अमुक बाईकचा द्या" एवढंच सांगू नका. एकाच नावाच्या गाडीचा बीएस ४ आणि बीएस ६ चा फिल्टर वेगळा असू शकतो. पार्ट नंबर लिहून न्या, जुना फिल्टर पिशवीत घालून बरोबर न्या, बिल घ्या. दुकानदार "चालतो, सगळेच लावतात" म्हणाला की मी दुसऱ्या दुकानात जातो.

ड्रेन बोल्टचा (जुनं ऑइल काढायच्या खालच्या बोल्टचा) वॉशर नवा टाका. बोल्ट जोर लावून पिळू नका, ॲल्युमिनियमचे आटे गेले की चेंबरचं, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागाचं, काम निघतं.

आणि पावसाळ्याचं. वंदना टॉकीजजवळ किंवा कुठेही गुडघाभर पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारत बसू नका, आत पाणी ओढलं जातं. ढकलत बाहेर काढा, एअर बॉक्स उघडा, कागद ओला असेल तर तो वाळवून परत लावायचा नाही, नवाच टाका. एअर बॉक्सच्या खाली एक छोटी बंद टोकाची नळी असते, तिच्यात पाणी आणि तेल साचतं, तिचं बूच काढून रिकामी करा. मी जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि मग गणपतीच्या आधी एकदा करतो. शिवाय प्रत्येक फिल्टरच्या कडेला मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवतो, नाहीतर मागच्या वेळी कधी बदलला ते आठवण्यावर राहतं, आणि विचारलं की प्रत्येक जण मला "आत्ताच तर बदललाय" असंच सांगतो.