उणे तीसमध्ये घाम येऊ देऊ नका: ॲरोहेड १३५ सायकलवर

पुण्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब सायकलफेरी, साडेतेरा तासांत संपवावी लागते. ॲरोहेड १३५ ही अमेरिकेतली हिवाळी शर्यत तिच्यापेक्षा फार मोठी नाही. १३५ मैल, म्हणजे २१७ किलोमीटर. मुदत मात्र साठ तासांची. एवढा वेळ हाताशी असूनही दर वर्षी बरेच जण वाटेतच सोडून देतात, आणि त्यांतले कित्येक माझ्यापेक्षा जोरात सायकल मारणारे असतात. थंडीची तयारी सगळेच करून येतात. नडतो तो घाम.

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीवर इंटरनॅशनल फॉल्स हे गाव आहे. जानेवारीच्या शेवटी एका सोमवारी सकाळी सातला, अंधारातच, तिथून निघायचं. शेवट टॉवर गावाजवळ. राज्यातलं आजवरचं सर्वांत कमी तापमान याच टॉवरला नोंदलं गेलंय: २ फेब्रुवारी १९९६, उणे ५१ सेल्सियस. म्हणजे तारीख आणि जागा दोन्ही अगदी विचारपूर्वक निवडलेली. वाट स्नोमोबिलची, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्यांची, पाइनच्या जंगलातून आणि गोठलेल्या दलदलीतून जाणारी. सायकलवाले, स्कीवाले आणि कमरेला घसरगाडी बांधून चालणारे, सगळे एकाच वाटेवर. मध्ये तीन चेकपॉइंट. बाकी वाटेवर लांडग्यांचे ठसे दिसले तर दिसतात, माणूस क्वचित.

मी मूळची कराडची, नोकरीसाठी मिनियापोलिसला आले. इथल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी हमखास विचारतं, "अगं, गाडी असताना सायकल कशाला?" उत्तर माझ्याकडेही नाही. कसं करायचं ते मात्र सांगू शकते.

घाम

पाणी हवेपेक्षा जवळजवळ पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. कपड्यांच्या थरांत अडकलेली हवा तुम्हाला ऊब देते. तिथे घाम शिरला की ऊब गेली. पाय मारताना हे कळत नाही, कारण शरीर भट्टीसारखं चालू असतं. ट्यूब बदलायला दहा मिनिटं थांबलात की कळतं. तोवर पाठीचा कपडा कडक झालेला असतो.

म्हणून सुरुवातीला थंडी वाजलीच पाहिजे. पहिली दहा-पंधरा मिनिटं कुडकुडत काढा. निघताना छान उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय, तिथेच काढा. अंगाला चिकटून पातळ लोकरीचा थर, त्यावर एखादा मधला, आणि वर वारा अडवणारं, पूर्ण चेन असलेलं जॅकेट. पिसांचं जाड जॅकेट सायकल चालवताना कधीच घालायचं नाही. ते बॅगेत सगळ्यात वर ठेवायचं, आणि थांबल्याक्षणी, थंडी वाजायच्या आधी, अंगावर चढवायचं. नंतर घालू म्हटलं की उशीर होतो.

चढ दिसला की चढाच्या आधी टोपी काढा, जॅकेटची चेन उघडा. माथ्यावर पोचल्यावर, उताराला लागायच्या आधी, चेन बंद. दिवसातून शंभर वेळा हे करायचा कंटाळा येतो, आणि नेमका रात्री येतो. आपल्याकडचा सायकलवाला चढावर उतरायला लाजतो. सिंहगड न उतरता चढल्याचा अभिमान इथे घरी ठेवा. श्वास तोंडाने घ्यावा लागला की उतरून ढकलायचं. ढकलतानाही घाम येतो, म्हणून तेही हळू.

पाय, हात, तोंड

पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट आणू नका. तळव्याखालचा धातू उष्णता खेचून घेतो. साधे सपाट पेडल आणि नेहमीच्या मापापेक्षा दोन नंबर मोठे बर्फाचे बूट. बोटं आत हलली पाहिजेत. घट्ट बुटात दोन जोड मोजे कोंबले तर रक्त फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतो. आधी पातळ मोजा, त्यावर ब्रेडची रिकामी प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर जाड लोकरी मोजा. आतला मोजा ओला होईल, होऊ द्या. बाहेरचा कोरडा राहतो. मिनेसोटात लहान मुलांनाही असंच बाहेर पाठवत आले आहेत.

हातांसाठी हँडलवर चढवायच्या जाड पिशव्या मिळतात, त्यांना पोगीज म्हणतात. त्यांच्या आत पातळ हातमोजे पुरतात, शिवाय तिथेच खाऊ ठेवता येतो.

बायकांसाठी दोन गोष्टी, ज्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या. कानातलं, चमकी, मंगळसूत्र, सगळं काढून घरी ठेवा. धातू गार होतो आणि त्याखालची कातडी आधी जाते. धातूच्या फ्रेमचा चष्माही तसाच, प्लॅस्टिकची फ्रेम घ्या. दुसरं, लघवीला बसायला लागू नये म्हणून पाणी कमी पिणं हा वेडेपणा आहे. उभ्याने करता येतं असं फनेल मिळतं, ते घ्या आणि घरी न्हाणीघरात, सगळे कपडे घालून, सराव करा. हसू येईल. उणे तीसमध्ये येणार नाही.

नाक-गाल बधिर आणि पांढरे दिसायला लागले तर उघड्या, गरम तळहाताने झाका. चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. बोटं काखेत धरा. पायाची बोटं खरोखर गोठली असतील आणि अजून चालायचं असेल, तर वाटेत ती वितळवू नका. वितळून पुन्हा गोठलेल्या बोटाचं नुकसान कितीतरी जास्त.

सायकल

चार ते पाच इंच रुंद टायरची फॅट बाईक लागते. हवा किती, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. रस्त्यावरच्या सायकलला ऐंशी-शंभर पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरणाऱ्या माणसाला इथे तीन-चार पीएसआय ऐकून धक्का बसतो. बर्फ घट्ट असेल तर थोडी जास्त, भुसभुशीत असेल तर आणखी कमी. लक्षात ठेवायची गंमत अशी, की घरात वीस अंशांत आठ पीएसआय भरून बाहेर उणे तीसमध्ये आणलंत तर ते चारच्या आसपास उतरतं. टायर गळत नसतो, हवा आकसते. म्हणून शेवटची हवा बाहेर, अंगणात, सायकल पूर्ण गार झाल्यावर बघायची.

मागच्या चाकाच्या फ्रीहबमधलं (गिअरच्या चकत्या बसतात त्या भागातलं) नेहमीचं ग्रीस काढून पातळ तेल घाला. घट्ट ग्रीसमध्ये आतले खटके चिकटतात आणि पेडल रिकामं गरगर फिरतं, चाक जागचं हलत नाही. जंगलात यावर सोपा उपाय नाही. मी वायरचे डिस्क ब्रेक वापरते. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावरच्या ब्रेकवाल्यांची यावर वेगळी मतं आहेत, घालू द्या वाद. दिव्यांना लिथियम सेल. फोन अंगाशी ठेवायचा, नाहीतर फोटो काढायला बाहेर काढताच बंद पडतो.

खाणंपिणं

संक्रांत होऊन दोन आठवडे झालेले असतात, तिळगूळ उरलेलाच असतो. पाकातले कडक लाडू आणि चिक्की नेऊ नका, उणे तीसमध्ये दात पडेल. मऊ गुळाचे, भरपूर दाण्याचं कूट घातलेले लाडू सुपारीएवढे वळा, म्हणजे तोंडात धरून विरघळवता येतात. ज्यात पाणी आहे ते सगळं दगड होतं: केळं, पोळीचा रोल, पुरणपोळी. कोरडं आणि तेलकट ते टिकतं. चिवडा, बाकरवडी, शंकरपाळी, खारे दाणे. भूक लागायची वाट बघू नका, दर अर्ध्या तासाला मूठभर.

पाण्याची पिशवी जॅकेटच्या आत पाठीला लावा, आणि प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकर मारून पाणी मागे ढकला, नाहीतर नळी गोठते. बाटली नेणार असाल तर उलटी ठेवा; बर्फ वरून धरतो, बूच मोकळं राहतं. बर्फ खाऊ नका. तो वितळवायला लागणारी उष्णता तुमच्याच अंगातून जाते.

स्टोव्ह नियमानेच जवळ लागतो. ब्युटेनचं डबडं शून्याखाली वायूच देत नाही, म्हणून पंपाचा, पांढऱ्या पेट्रोलवर चालणारा घ्या. आजीचा रॉकेलचा स्टोव्ह पेटवलेला असेल तर हा तुम्हाला येतोच: पंप मारा, बर्नर तापू द्या, मग चावी सोडा. फक्त हातमोजे घालून आणि अंधारात जमलं पाहिजे. नियमाच्या यादीत उणे २९ अंशांची स्लीपिंग बॅग आणि गळ्यात अडकवलेली शिट्टीही असते. शिट्टी गळ्यातच का? हात चालेनासे झाले की सामानाच्या बॅगेची चेन उघडत नाही.

वाट आणि डोकं

पहिला चेकपॉइंट, गेटवे जनरल स्टोअर हे दुकान, छप्पन्न-सत्तावन्न किलोमीटरवर. तोवरचा रस्ता सपाट आहे आणि सगळे सुसाट जातात. तुम्ही जाऊ नका.

दुसरा चेकपॉइंट मेलजॉर्जेस, साधारण निम्म्या वाटेवर, गोठलेलं एलिफंट लेक ओलांडून. आत शेगडी, सूप, चीज घालून भाजलेले सँडविच, आणि सोफा. शर्यत सोडणारे पुष्कळ जण इथे सोडतात, बाहेरच्या बर्फात नव्हे. दारातून शिरायच्या आधी ठरवा की किती वेळ थांबायचं. ओले कपडे वाळत घाला, खा, बाटल्या भरा, मोजे बदला. सोडायचं की नाही हे खुर्चीत बसून ठरवायचं नाही. बाहेर पडून अर्धा तास सायकल मारायची आणि मग ठरवायचं. मागे वळायला तेव्हाही वाट असते.

कारण पुढचा साठेक किलोमीटरचा टप्पा सगळ्यात वाईट आहे. एकामागून एक छोटे, उभे चढ, आणि बहुतेकांना ते रात्रीच लागतात. या दिवसांत रात्र चौदा तासांहून मोठी असते, आणि सगळ्यात कडक थंडी उजाडायच्या सुमाराला पडते. थंडीने डोकं मंद होतं, आणि ते मंद झालंय हे त्याच डोक्याला कळत नाही. माझी परीक्षा ठरलेली आहे: सतराचा पाढा मोठ्याने. सतरा सत्ते, सतरा अठ्ठे इथे अडखळले की थांबते, पिसांचं जॅकेट घालते, दोन लाडू खाते. शिवाय अंगठा करंगळीला टेकवून बघते. तो टेकत नसेल तर बोटांना ऊब आल्याशिवाय पुढे जात नाही. "काही होत नाही, जाऊ दे" असं वाटायला लागणं हेसुद्धा लक्षणच.

झोप अनावर झाली तर वाटेवर आडवे होऊ नका, स्नोमोबिल येतात. बाजूला बर्फ तुडवून घट्ट करा, मॅट टाका, उकळतं पाणी भरलेली बाटली स्लीपिंग बॅगेत घ्या, आणि नाक-तोंड बॅगेबाहेर ठेवा. श्वासाची वाफ आत गेली की पिसं ओली. वाटेत लाकडी, तीन भिंतींचे निवारे आहेत, ते जमिनीपेक्षा बरे.

तिसऱ्या चेकपॉइंटनंतर वेकमअप नावाची टेकडी येते. ती संपली की शेवटपर्यंत सपाट दलदल. सरळ, कंटाळवाणी, आणि तिथे झाडांत नसलेली माणसं, घरं, दिवे दिसायला लागतात. दिसू द्या, त्यांच्याशी बोला हवं तर, पण खात राहा.

पहिल्यांदाच ॲरोहेडला येऊ नका. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये टस्कोबिया ही शर्यत असते, ८० आणि १६० मैलांची. तिथली ८० आधी करा. भारतातून येणार असाल तर निदान पंधरा दिवस आधी या आणि तीन-चार रात्री अंगणात, खरोखर, बॅगेत झोपून बघा.

आणि गाडीचं बघा. उणे पस्तीसमध्ये दोन रात्री उभी राहिलेली गाडी सुरू होत नाही. इंजिनाला ब्लॉक हीटर, म्हणजे ते गरम ठेवणारा विजेचा हीटर, बसवून घ्या, पार्किंगमध्ये प्लग आहे का ते खोली घेतानाच विचारा, आणि लांब वायर बरोबर आणा. शेवटाला पोचल्यावर लगेच गाडी चालवायला बसू नका. रात्रीची खोली आधीच घेऊन ठेवा.