रातांब्याच्या सालीचा फोटो कोण विकत घेतो?

"अगो, सोलांचो फोटो कोण इकत घेतलो?"

सासूबाईंनी हे विचारले तेव्हा मी मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या सोलांवर, म्हणजे रातांब्याच्या (कोकमाच्या) सालींवर, मोबाइल धरून ओणवी उभी होते. उत्तर मलाही ठाऊक नव्हते. दीड महिन्याने कुणीतरी तो फोटो घेतला. कोण, कुठल्या देशातला, ते आजही माहीत नाही. माझ्या खात्यावर 33 सेंट जमा झाले. सासूबाईंना रुपयांत सांगितले तर म्हणाल्या, "ह्येच्यापेक्षा सोलां इकली असतंस तर!"

माझे मालवणजवळ आचऱ्याला झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचे दुकान आहे. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी ओसरली की गणपतीपर्यंत माश्या मारायच्या. त्या रिकाम्या वेळात चार वर्षांपूर्वी इंटरनेटवर फोटो विकायचा हा उद्योग सुरू केला. आज साधारण नऊशे फोटो विक्रीला आहेत. चांगल्या महिन्यात दीड-दोन हजार सुटतात, वाईट महिन्यात दोनशेसुद्धा नाहीत. दुकानाचे वीजबिल निघते असे धरा. "घरबसल्या लाखो कमवा" असे सांगणारा कुणी भेटला तर त्याचे नऊशे फोटो आधी बघायला मागा.

आधी व्यवहार समजून घ्या. शटरस्टॉक, अ‍ॅडोबी स्टॉक अशा संस्थळांवर तुम्ही फोटो विकत नाही, वापरायचा परवाना विकता. मालकी तुमचीच राहते, म्हणून एकच फोटो शंभर जणांना देता येतो आणि एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी ठेवताही येतो. अ‍ॅडोबी फोटोच्या विक्रीतले 33 टक्के देते. शटरस्टॉकवर 15 ते 40 टक्क्यांच्या पायऱ्या आहेत; वर्षभर जितके जास्त विकाल तितकी पायरी वर, आणि 1 जानेवारीला सगळे पुन्हा तळाशी. तिथे एका डाउनलोडला 10 सेंटसुद्धा पडू शकतात. हे आकडे वाचून उत्साह मावळणार असेल तर आत्ताच मावळू दे.

माझे पहिले दहा फोटो संस्थळाच्या परीक्षकांनी नाकारले, दहाही परत आले. त्यातले सहा आचऱ्याच्या किनाऱ्यावरचे सूर्यास्त होते. घरी मोठ्या पडद्यावर शंभर टक्के मोठे करून पाहिले तेव्हा कळले: क्षितिज एका बाजूला कललेले, अंधाऱ्या भागात रवाळ ठिपके, आणि ट्रॉलरच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) नाव-नंबर स्पष्ट वाचता येतोय. व्यापारी वापराच्या फोटोत नाव, नंबर, कंपनीची खूण काही चालत नाही. आता मी स्नॅपसीडमधल्या 'हीलिंग'ने ते पुसते, किंवा होडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहते. दुसरे सोपे पडते.

पण चुका सुधारून पाठवलेले सूर्यास्तही विकले गेले नाहीत. सूर्य सगळ्या जगात मावळतो आणि प्रत्येकाकडे मोबाइल आहे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हा मीही मोठ्या आशेने मालवणला गेले होते. तटबंदीचे तेच फोटो हजारांनी आधीच संस्थळांवर पडलेले. शिवाय संरक्षित किल्ल्यात ट्रायपॉड उभा केला की परवानगीचा प्रश्न येतो.

विकले काय गेले? सोलं. पाटावर सोललेले फणसाचे गरे. जांभ्याच्या खाणीतला चिरा, ज्याच्यावर कापल्याच्या रेघा दिसतात. पावसाळ्यात माडाच्या झावळांनी शाकारून ठेवलेल्या होड्या. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेवढ्या दिवसांत त्या होड्यांचे फोटो कुणीही काढावेत, पण आपल्याला त्या इतक्या सवयीच्या की कुणी काढत नाही. मासिकाला, पाठ्यपुस्तकाला, मसाल्याच्या पाकिटाला अशीच साधी, ओळखता येणारी वस्तू हवी असते.

आता ती सोलं कशी काढली ते नीट सांगते, कारण बाकी सगळे त्यातच आले.

रातांबे फोडून बिया वेगळ्या काढतात, साली मिठाच्या रसात बुडवतात, वाळवतात, परत बुडवतात. हे चार-पाच दिवस चालते. पहिल्या दिवशी साली ओल्या असतात आणि प्रत्येकीवर उन्हाचा पांढरा ठिपका चमकतो, फोटोत तो भोकासारखा दिसतो. शेवटी त्या काळ्या पडतात; फोटोत काळ्या ढेकळांसारख्या. मधल्या दिवशी, दुसऱ्यांदा रस पिऊन अर्धवट सुकलेल्या असताना, जो जांभळट लाल रंग येतो तो एकच दिवस असतो. हे मला कुठल्या व्हिडिओने नाही, सासूबाईंनी सांगितले. त्या दिवशी सकाळी आठच्या आत, ऊन तिरपे असताना, सुपातल्या सोलांचे वरून, कडेने, अगदी जवळून असे फोटो घेतले. मुंग्या फुंकून घालवल्या. घालवल्या असे वाटले होते. दोन निघाल्या पुसून टाकायला.

मग मूठभर सोलं दुकानात आणली. पासपोर्ट फोटोचा पांढरा पडदा टेबलावर अंथरला, एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला, म्हणजे खिडकीचा उजेड त्यावर आपटून सावलीत परत येतो. ट्यूब बंद. खिडकी आणि ट्यूब एकत्र आले की रंग एका बाजूने निळा, एका बाजूने पिवळा होतो. मोबाइलला पांढरे दिसले की तो फोटो आपसूक काळवंडवतो, म्हणून सोलावर बोट दाबून उजेडाची पट्टी थोडी वर सरकवायची. एका बाजूला मोकळी जागा सोडायची; विकत घेणारा तिथे अक्षरे टाकतो. पांढऱ्यावरची ही सोलं अंगणातल्यांपेक्षा तिप्पट विकली गेली.

महागडा कॅमेरा लागत नाही. शटरस्टॉक आणि अ‍ॅडोबी दोन्हीकडे किमान 4 मेगापिक्सेलची अट आहे आणि साधा मोबाइल 12 चा फोटो काढतो. फक्त झूम करू नका, पायांनी जवळ जा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो माडाच्या पातींच्या कडा चावल्यासारख्या करतो. काच रुमालाने पुसा, खाऱ्या हवेचा थर तासाभरात बसतो. संगणकावर फोटो नेताना व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तो आकसून येतो.

यापुढचे काम कंटाळवाणे आहे आणि पैसे तिथेच आहेत: नाव देणे. विकत घेणारा फोटो शोधतो तो इंग्रजी शब्दांनी. अ‍ॅडोबी 49 पर्यंत शब्द घेते आणि पहिल्या दहांना जास्त वजन देते. शटरस्टॉकला किमान 7 आणि कमाल 50 लागतात. मी सुरुवातीला सोलांच्या दुसऱ्या एका फोटोला 'मँगोस्टीन' लिहिले होते, कारण गूगलने तसे काहीतरी दाखवले. मँगोस्टीन त्याच कुळातले वेगळे फळ. सात महिने त्या फोटोकडे कुणी फिरकले नाही. 'कोकम', 'गार्सिनिया इंडिका', 'ड्राइड', 'सोअर', 'कोंकण' असे केल्यावर पुढच्याच महिन्यात दोनदा गेला. बांगड्याला नुसते 'फिश' लिहू नका, 'इंडियन मॅकरेल' लिहा. बोंबील 'बॉम्बे डक' आहे, त्याचा बदकाशी संबंध नाही हे परदेशातल्या परीक्षकालाही माहीत असते. सुरमई की तोवर, याचा संशय आला तर बाजारात मासे लावून बसलेल्या बाईला विचारा. ती हसेल, पण बरोबर सांगेल. पन्नास शब्द भरायचे म्हणून 'गोवा', 'बीच पार्टी' असले कोंबू नका.

माणसे आली की सही आली. चेहरा ओळखू येत असेल तर व्यापारी वापरासाठी त्या माणसाचे संमतीपत्र लागते, मूल असेल तर आईबापाची सही. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणारी तीस-चाळीस माणसे, त्यांच्या सह्या कुठे घेत बसणार? म्हणून मी रापणीत दोरखंड, वाळूत रुतलेल्या टाचा, पाठमोरी रांग एवढेच काढते. हातावर गोंदण असेल तर तेही ओळख ठरते, हे एक फोटो परत आल्यावर कळले. सही घ्यायची झाली तर इंग्रजी अर्ज मी मराठीत वाचून दाखवते, पैसे किती येतील तेही खरे सांगते, आणि दुकानातून फोटोची मोठी प्रत फुकट देते. एका काकीने ती प्रत देवघराशेजारी लावली आहे. माझ्यावर दडपण.

दुसरी वाट 'एडिटोरियल'ची. बातमी किंवा माहितीसाठी वापरायचे फोटो, त्यात चेहरे, पाट्या, होडीचा नंबर सगळे चालते. मात्र काही पुसायचे-सजवायचे नाही आणि ओळीत ठिकाण, तारीख, काय चालले आहे ते कोरडेपणाने लिहायचे. आमची गावपळण याच प्रकारातली. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की अख्खे आचरे गुरे-कोंबड्यांसकट वेशीबाहेर जाऊन तीन दिवस राहुट्यांत राहते. त्याचे फोटो 'सुंदर ग्रामीण जीवन' म्हणून गेले नसते. नेमकी माहिती लिहिली म्हणून गेले. शटरस्टॉक चेहऱ्यांचे एडिटोरियल घेते, अ‍ॅडोबीचा तसा प्रकार वेगळा आहे, त्यात ओळखू येणारी माणसे चालत नाहीत.

गणपतीत मूर्तीचा मोह आवरा. ती मूर्तिकाराची कलाकृती, व्यापारी वापराला त्याची सही हवी. त्याऐवजी माटवी, म्हणजे गणपतीवर टांगतात ती रानफुला-फळांची चौकट, काढा: कांगले, कवंडाळ, तिरडा, हरणाची फुले, प्रत्येक वेगळे आणि नावासकट. यंदा काढलेले फोटो पुढच्या जूनमध्ये चढवा. मागणी सणाच्या दोन-तीन महिने आधी असते, सणाच्या दिवशी नाही.

पैशांचे दोन मिनिटांत. खाते उघडताना डब्ल्यू-8बेन नावाचा अमेरिकी कराचा अर्ज भरावा लागतो. त्यात पॅन आणि भारताशी असलेला करार नोंदवला तर अमेरिकेतल्या विक्रीवरच्या रॉयल्टीतून 30 ऐवजी 15 टक्के कापले जातात. अ‍ॅडोबीवर 25 डॉलर साठले की पेपल किंवा पेओनीरमार्फत मागवता येतात. खात्यावरचे, पॅनवरचे आणि बँकेतले नाव अक्षर न् अक्षर एकच ठेवा. माझा पॅन माहेरच्या नावाचा, बँक सासरच्या. पहिले 26 डॉलर पाच महिने लटकले. आणि ही मिळकत विवरणपत्रात दाखवायची असते, तिकडे कापलेल्या कराची वजावटही मागता येते. त्यासाठी सीएला विचारा.

सेंटांपेक्षा बरा पैसा मात्र आसपासच मिळतो. होमस्टेवाले, आंबा-काजूवाले, खानावळीचे मेनूकार्ड छापणारे, यांना चांगले फोटो हवे असतात. मी आधी छोटा, मधोमध दुकानाचे नाव टाकलेला नमुना पाठवते, यूपीआयवर पैसे आले की ड्राइव्हवरच्या मूळ फोटोची लिंक देते. सोबत चार ओळी: फोटो कशासाठी, किती काळ वापरायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही. कुणी म्हणाले "हा फक्त आम्हालाच हवा", तर दर चौपट, आणि तो फोटो आधीच संस्थळावर ठेवलेला असेल तर स्पष्ट नाही म्हणायचे.

हे शहाणपण एका पेटीने शिकवले. मी हापूसचा एक फोटो मूळ आकारात गावच्या ग्रुपवर कौतुकाने टाकला होता. पुढच्या मोसमात भावाने वाशीहून आंब्याच्या पेटीचा फोटो पाठवला. पेटीवर माझाच आंबा, देठाजवळच्या डिंकाच्या ओघळासकट! पेटीवाल्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, तो नेटवरचा आहे." आता फुकट दाखवायचे फोटो 1200 पिक्सेलपर्यंत लहान करूनच टाकते.

पुढे कॅमेरा घ्यावासा वाटलाच तर पावसाळ्याची सोय आधी करा. आपल्याकडच्या दमटपणात लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते आणि साफ करायचा खर्च कधी कधी जुन्या लेन्सइतका येतो. कातडी पिशवीत ठेवू नका, ती स्वतःच ओल धरते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 च्या मध्ये राहिला पाहिजे. वर गेला की जेल बदलायचे किंवा तापवून कोरडे करायचे. माझा कॅमेरा स्वयंपाकघरातल्या जुन्या डब्यात असतो. त्यावर 'पोहे' लिहिलेले पुसायचे राहिले आहे, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी तो उघडते आणि काटा पुन्हा साठावर जातो.