ईईओसीत तक्रार करायला फी किती? लॉ क्लिनिकमधला माझा अनुभव

पुण्यात एलएलबी केलं आणि एलएलएमला अमेरिकेत आले, दुसऱ्या सेमिस्टरला एम्प्लॉयमेंट लॉ क्लिनिक घेतलं, म्हणजे नोकरीच्या कायद्याच्या खऱ्या केसेसवर विद्यार्थ्यांनी काम करायचा कोर्स. आता इकडे यायची तयारी करणारे ज्युनियर्स विचारतात की ताई हे ईईओसी काय प्रकरण आहे, तिथे फी किती, त्यांना पैसा कोण देतं, म्हणून काम करता करता जे कळलं ते लिहितेय.

ईईओसी म्हणजे इक्वल एम्प्लॉयमेंट ऑपॉर्च्युनिटी कमिशन, ही इथली फेडरल म्हणजे केंद्र सरकारची एजन्सी, नोकरीत वंश, धर्म, लिंग, मूळ देश, वय, अपंगत्व अशा कारणांनी भेदभाव झाला तर तिथे जायचं. १९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टमधून ती जन्माला आली आणि जुलै १९६५ मध्ये काम सुरू झालं.

तक्रारीला इथे ‘चार्ज’ म्हणतात आणि तो दाखल करायला एक सेंटही लागत नाही. वकील सक्तीचा नाही, तपास फुकट, मिडिएशन, म्हणजे मध्यस्थामार्फत तडजोड, ती पण फुकट. हे मला पुस्तकातून माहीत होतं पण खरं समजलं ते पहिल्या क्लायंटमुळे. हॉटेलात हाऊसकीपिंग करायची ती, आल्या आल्या पर्समधून पाकीट काढलं आणि वीस-वीसच्या नोटा टेबलावर मोजायला लागली. ओळखीतल्या कुणीतरी ‘फॉर्म भरून देतो’ म्हणून आधीच ३५० डॉलर घेतले होते, फॉर्म काही गेलाच नव्हता आणि तिला वाटत होतं आता सरकारचे पैसे भरायचे राहिलेत. नोटा परत तिच्या हातात दिल्या, मग कामावरून काढल्याची तारीख विचारली आणि कॅलेंडरवर बोटाने मोजत गेले तर तो २९१ वा दिवस निघाला! मुदत असते १८० दिवसांची, राज्याची स्वतःची अशी एजन्सी असेल तर ३००. आमच्या राज्यात होती म्हणून नऊ दिवस हातात होते, त्याच आठवड्यात चार्ज गेला. तेव्हापासून माझी सवय झालीय, कुणीही आलं की आधी तारीख विचारायची, बाकी कहाणी नंतर.

आता पैसा कुठून येतो. अमेरिकन काँग्रेस दरवर्षी बजेट मंजूर करते, २०२३ च्या आर्थिक वर्षात ते ४५.५ कोटी डॉलर होतं, आणि त्याच वर्षी नवीन चार्ज आले ८१,०५५. त्या वर्षात भेदभाव झालेल्यांना ६६.५ कोटी डॉलरच्या वर मिळवून दिले आणि त्यातला काहीही वाटा एजन्सी स्वतःकडे ठेवत नाही, मला हे फार मोठं वाटतं. पण बजेट ठरलेलं आणि ढीग एवढा, म्हणून तपासाला साधारण दहा महिने जातात, मिडिएशन तीनेक महिन्यांत आटपतं. इन्व्हेस्टिगेटरचा फोन येत नाही म्हणून क्लायंट रडकुंडीला येतात, त्यांना हे नीट समजावणं हे पण तुमचंच काम. राज्यांच्या एजन्सींशी करार असतात, त्यांनी हाताळलेल्या केसेसमागे ईईओसी त्यांना पैसे देते. फी घेतात ती कंपन्यांच्या एचआर वगैरे लोकांच्या काही ट्रेनिंगसाठी, त्यासाठी १९९२ च्या कायद्याने वेगळा फंड काढलाय.

खरा खर्च कोर्टात सुरू होतो. ‘राइट टू सू’ची, म्हणजे आता कोर्टात जाऊ शकता अशी ईईओसीची नोटीस आली की ९० दिवसांत केस टाकायची, फेडरल कोर्टाची फी ४०५ डॉलर, ऐपत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो. बरेच वकील जिंकल्यावरच टक्केवारी घेतात. जिंकलात तर वकिलाची फी समोरच्या कंपनीकडून मिळू शकते, उलट कंपनी जिंकली तर तिला तुमच्याकडून फी सहज मिळत नाही, केस अगदीच निराधार असावी लागते, १९७८ चा ख्रिश्चन्सबर्ग निकाल आहे, तो क्लिनिकच्या आधीच वाचून जा.

नोकरीचं म्हणाल तर फेडरल एजन्सीत साधारणपणे सिटिझनशिप लागते, त्यामुळे एफ-१ (स्टुडंट व्हिसा) वाल्यांनी तिथे अर्ज करत बसू नका, ओपीटीसाठी (शिक्षणानंतर त्याच व्हिसावर काम करायची परवानगी) लीगल एड म्हणजे गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्था आणि कामगारांच्या बाजूने लढणाऱ्या छोट्या फर्म्स बघा. स्पॅनिश येत असेल तर रेझ्युमेत वरच लिहा, मला ती शिकायला उशीर झाला आणि त्या हाऊसकीपिंगवाल्या बाईशी पहिल्या दिवशी दुभाष्यामार्फत बोलावं लागलं.